कड्याकडे वळलेला बाण

उपग्रहाच्या मदतीशिवाय डोंगरात वाट दाखवणारं, मुठीत मावणारं यंत्र बनवताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या क्रमाने लिहून ठेवायच्या असं बरेच दिवस मनात होतं. नाशकात डोंगर चढणारी आणि घरी सोल्डरिंग करत बसणारी तरुण मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यातलं कुणीतरी उद्या हाच घाट घालणार. त्याची वर्षं वाया जाऊ नयेत आणि त्याच्या यंत्रामागे चालणारा माणूस संकटात पडू नये, यासाठी हे लेखन.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलचं काम करतो. रविवार ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, कळसूबाई यांच्यासाठी राखलेला. फोनमध्ये जीपीएस असताना असलं यंत्र कशाला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आणि तो रास्तच होता. सह्याद्रीच्या माथ्यावर आकाश मोकळं असतं, तिथे उपग्रहांचा संकेत उत्तम मिळतो. पण जागा निश्चित करायला निदान चार उपग्रह नीट दिसावे लागतात. साम्रदच्या सांदण घळीत उतरलं की आकाशाची एक पट्टी उरते. कड्याच्या पोटातून आडव्या जाणाऱ्या वाटेवर अर्धं आकाश दगडाने झाकलेलं असतं, आणि जो संकेत येतो तो समोरच्या भिंतीवर आपटून येतो. मग फोनवरचा ठिपका दरीच्या पलीकडे उडी मारतो. जीपीएस असो की आपला ‘नाविक’, सरळ रेषेत आकाश दिसणं दोघांनाही हवंच. शिवाय पावसात भिजलेला, बॅटरी संपत आलेला फोन वेगळाच. म्हणून दाब, दिशा आणि चाल या तीनच गोष्टी मोजून जागा सांगणारं यंत्र करायचं ठरवलं.

पहिली चूक कागदावरच झाली. त्वरण मोजणारी चिप शंभर-दोनशे रुपयांत मिळते. त्वरणाची बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर, हे बारावीचं भौतिकशास्त्र. त्यावर विसंबून मी पहिला आराखडा केला. टेबलावर स्थिर ठेवलेलं यंत्र पडद्यावर मात्र चालू लागलं आणि थांबेना. कारण सोपं आहे. चिपमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाइतकी चूक असली तरी दोनदा बेरीज होताना ती वेळेच्या वर्गाने वाढते. एका मिनिटात साधारण १८ मीटर, दहा मिनिटांत पावणेदोन किलोमीटर. यंत्राचा कल ओळखण्यात एका अंशाची चूक झाली, तर एकाच मिनिटात ३०० मीटर. ही गोष्ट पाणबुड्या आणि विमानांसाठी काम करणाऱ्यांना कित्येक दशकं ठाऊक आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वीडनमधलं एक तंत्रविद्यापीठ यांनी मिळून केलेल्या ‘ओपनशू’ प्रकल्पात चिप बुटात बसवली, ती याचसाठी. पाऊल जमिनीवर टेकतं त्या क्षणी वेग शून्य असतो, आणि दर पावलाला साचलेली चूक पुसता येते. माझं यंत्र हातात धरायचं होतं. हाताला असा शून्याचा क्षण नाही. आधी वाचलं असतं तर पहिला सर्किट बोर्ड छापायलाच दिला नसता.

मग मी पावलं मोजण्याकडे वळलो. पावलांची संख्या गुणिले पावलाची लांबी, आणि सोबत दिशा. पावलाची लांबी मी गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर मोजली. सपाट, मऊ, गोल वाट. तिथे हिशोब इतका चोख जुळला की मी निर्धास्त झालो. अंजनेरीच्या पायऱ्यांवर तेच पाऊल निम्म्यावर येतं. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असतात, यंत्र गळ्यात लोंबकळत असतं आणि प्रत्येक हेलकावा पाऊल म्हणून मोजला जातो. उतरताना माणूस बसतो, सरकतो, थांबतो. सह्याद्रीत चालण्याला एक लांबी नसते. पुढे मी चढ, उतार आणि सपाटी यांसाठी वेगवेगळी लांबी धरली आणि ती दाबावरून आपोआप बदलू दिली. तरी एका किलोमीटरमागे शंभर मीटरची चूक धरूनच चालावं लागतं, हे मान्य करायला मला फार वेळ लागला.

हवेचा दाब हे माझं सगळ्यात लाडकं अंग. आपल्या भागातल्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलने घटला, की आपण साधारण साडेनऊ मीटर वर आलो. आजची दाबमापक चिप एका मीटरहून कमी फरक ओळखते. जिना चढलो तरी आकडा बदलतो. हे पाहून मी भारावलो आणि इथे लागोपाठ दोन चुका केल्या.

पहिली पावसाच्या भीतीपोटी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात टिकावं म्हणून मी यंत्राची पेटी सिलिकॉन लावून संपूर्ण बंद केली. पाण्याचा थेंब आत जाईना, पण हवाही जाईना. बंद पेटी उन्हात पंधरा अंशांनी तापली की आतल्या हवेचा दाब पाच टक्क्यांच्या आसपास वाढतो. नाशिकच्या उंचीवर हे ४५ हेक्टोपास्कल झाले, म्हणजे उंचीत चारशे मीटरचा फरक. मी चढत होतो आणि यंत्र उतरल्याचं सांगत होतं. चिप बिघडली असं समजून मी ती बदलत राहिलो. बाहेरची हवा मोजणाऱ्या चिपला बाहेरची हवा लागते, इतकी उघड गोष्ट मी पाण्याच्या धास्तीने विसरलो होतो. आता तिथे हवा सोडणारा आणि पाणी अडवणारा टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा आहे. त्याचं तोंड खाली आहे, कारण वर ठेवलं तर पावसाचं पाणी पडद्यावर साचून पुन्हा तेच होतं.

दुसरी चूक जास्त खोल होती, कारण ती मला पुस्तकांनीही सांगितली नव्हती. मी वाचलेली पुस्तिका थंड देशांतल्या गिर्यारोहकांसाठी लिहिलेली. तिथे दाब बदलतो तो वादळं येतात-जातात म्हणून. आपल्याकडे वातावरणालाही रोजची भरती-ओहोटी असते. सूर्याच्या उष्णतेमुळे सगळं वातावरण दिवसातून दोनदा हेलकावतं. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. रात्री दहा आणि पहाटे चारलाही तसंच. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत हा हेलकावा ठळक असतो. आपल्याकडे उघडिपीच्या दिवशी सकाळ ते दुपार तीन-चार हेक्टोपास्कल उतरतात, म्हणजे उंचीत ३० ते ४० मीटरची चूक. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. म्हणजे माझं यंत्र दुपारपर्यंत दीड-दोन रेषा वर चढलेलं असे, आणि मी तर सकाळी पायथ्याला आकडा लावून दुपारी उतरणारा. ट्रेकची वेळ आणि ही ओहोटी एकमेकींवर नेमकी बसतात. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात परत आल्यावर आकडा जुळत नाही हे मी कितीतरी वेळा पाहिलं आणि दर वेळी ‘हवामान बदललं असेल’ म्हणून सोडून दिलं. चूक रोज एकाच दिशेने आणि एकाच वेळी होत असेल तर ती योगायोगाने होत नाही. वहीत वेळ लिहून ठेवली असती, तर महिनाभरात उमगलं असतं. मी फक्त आकडे लिहीत होतो.

आता यंत्र दोन गोष्टी करतं. माणूस दहा मिनिटं एका जागी बसला की दाबातला बदल हवेचा समजतं, उंचीचा नाही. आणि मंदिर, पाण्याचं टाकं, खिंड अशी ओळखीची जागा आली की आकडा पुन्हा लावून घ्यायला सांगतं. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कसाऱ्याकडे जाताना इगतपुरीच्या फलाटावर उभं राहून मी यंत्र तपासतो, ते त्या पाटीच्या भरवशावर.

होकायंत्राच्या बाबतीत आपला प्रदेश सोपा वाटतो. नाशिकमध्ये खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. त्या सोपेपणाने मला फसवलं, असं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की मी माझ्याच पेटीत चुंबकांचा बाजार भरवला होता. बॅटरीसाठी घेतलेल्या गोल सेलचं आवरण पोलादी, पेटीचे स्क्रू पोलादी, सूचना देण्यासाठी बसवलेल्या भोंग्यात चुंबक. वर पडद्याच्या दिव्याला वीज पुरवणारी तार दिशामापक चिपपासून एका सेंटिमीटरवर. त्या तारेतून पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह गेला, तरी तिथे चार मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. नाशिकला पृथ्वीचं आडवं क्षेत्र साधारण ३८ मायक्रोटेस्ला. म्हणजे अंधारात पडदा पाहायला दिवा लावला की दिशा सहा अंशांपर्यंत हलणार. पाच अंशांची चूकसुद्धा एका किलोमीटरवर ८७ मीटर बाजूला नेते.

हे उलगडल्यावर मला कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्ट नव्याने कळली. तिथे १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली, आणि १९०४मध्ये तिथे काम सुरू झालं. इमारतीसाठी चुंबकीय नसलेला पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी मोजमापाशी इतकं इमान राखलं. मी एक तार दोन सेंटिमीटर लांब न्यायचा कंटाळा केला.

आणि त्या काळ्या पाषाणाचाही हिशोब मी धरला नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या आपल्या बेसाल्टात लोहखनिजाचे कण आहेत आणि त्यांनी तेव्हाचं चुंबकत्व धरून ठेवलं आहे. १९५०च्या दशकात दख्खनच्या याच दगडांचं चुंबकत्व मोजून भारत दक्षिण गोलार्धातून सरकत आल्याचा पुरावा मिळाला. भूगर्भशास्त्रज्ञांना जो खजिना, तो कातळाला टेकवून धरलेल्या होकायंत्राला अडथळा. उघड्या माथ्यांवर वीज पडते तिथे तर दगडाचा तुकडा चांगलाच चुंबकित होतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दिशा भरकटणार हे मी समजू शकत होतो. पण शिडी नसलेल्या एका उघड्या कातळावर ती वीस अंश वळली, तेव्हा मी वर्कशॉपमध्ये परत येऊन पुन्हा कॅलिब्रेशन केलं, तेही लोखंडी पायांच्या टेबलावर. त्यामुळे पुढच्या प्रत्येक ट्रेकला मी टेबलाची चूक सोबत नेली.

आज सेल सपाट पाकिटातला आहे, स्क्रू पितळी आहेत आणि चिप पेटीच्या दूरच्या टोकाला. नाशिकला पृथ्वीच्या क्षेत्राची एकूण तीव्रता ४३ मायक्रोटेस्लाच्या जवळपास असते. ती त्याहून फार वेगळी दिसली की यंत्र होकायंत्राचं ऐकणं थांबवतं आणि वळण मोजणाऱ्या जायरोस्कोपवर थोडा वेळ भागवतं. कॅलिब्रेशन मोकळ्या माळावर करतो, मोटारसायकलीपासून दूर.

आतापर्यंतच्या चुका मापांच्या. पुढची चूक माणसाची होती, आणि ती सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं.

पडद्यावर मी एक बाण दिला होता. निघाल्या जागेकडे तोंड करून राहणारा, ‘घर’ नावाचा बाण. मित्रांना तो फार आवडला. पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर, अंजनीमातेच्या मंदिराच्या पुढे आम्ही धुक्यात सापडलो. बरोबर पायथ्याच्या वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ होते, आयुष्यभर त्या पठारावर गुरं राखलेले. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी बाणाकडे बघत निघालो. त्यांनी दंडाला धरलं.

“कुठं निघालात, दादा?”

“खाली, मामा. यंत्र इकडे दाखवतंय.”

“तिकडं कडा हाय. वाट इकून हाय, मंदिरावरनं, लेण्यांच्या खिंडीतनं. आलो तसंच जायचं.”

बाणाची दिशा बरोबर होती. निघालेली जागा खरोखरच त्या बाजूला होती, पण मध्ये पठाराचा तुटलेला कडा होता. सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी बनलेला आहे. सपाट पठार, मग उभी भिंत, मग पदर, मग पुन्हा भिंत. इथे दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा बहुतेक वेळा हवेतून जाते. तरीही मी असा बाण केला, कारण असा बाण इतर यंत्रांमध्ये पाहिला होता. मी वाळवंटात किंवा समुद्रावर चालणारी कल्पना उचलून डोंगरात आणली. यंत्रातल्या उंचीच्या आराखड्यानेही मला सावध केलं नाही. २००० साली अंतराळयानातून केलेल्या मापनाचे ते आकडे ३० मीटरच्या चौकोनांत आहेत. उभा कडा त्या चौकोनात मिसळून तीव्र उतार होऊन दिसतो, आणि माझ्या संगणकाला तो उतरण्याजोगा वाटतो.

त्या दिवशी मामा नसते तर काय झालं असतं, हे मला लिहायचं नाही. पण त्यानंतर मी स्वतःला विचारलं, की इतक्या चाचण्यांत हा दोष कसा दिसला नाही? उत्तर त्रासदायक होतं. चाचण्या मी आणि माझे जुने सोबती करत होतो. आम्हाला वाट माहीत होती. यंत्र चुकलं की आम्ही नकळत बरोबर वाटेने जायचो आणि घरी येऊन म्हणायचो, ‘थोडासा फरक आहे.’ वाट माहीत असलेल्या माणसाला वाट दाखवणाऱ्या यंत्राची परीक्षा घेता येत नाही.

म्हणून पुढे मी डोंगराची सवय नसलेल्या पुतणीच्या हातात यंत्र दिलं, आणि न बोलता मागे चालत राहिलो. पहिल्याच फाट्यावर ती वाट सोडून ढोरवाटेला लागली. विचारलं तर म्हणाली, “काका, ठिपका याच वाटेवर होता ना!” ठिपका खरोखर तिथे होता. त्या क्षणी यंत्राला स्वतःला साठ-सत्तर मीटरचा संशय होता आणि ढोरवाट त्या संशयाच्या आतच होती. तो संशय हिशोबात होता, पडद्यावर नव्हता. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून मी तो लपवला होता. माझ्या सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत गंभीर. दाबाची चूक, दिशेची चूक, पावलाची चूक, या होणारच. पण न कळणाऱ्या गोष्टीवर ठाम ठिपका काढणं ही मी जाणूनबुजून केलेली निवड होती.

नवी मांडणी मला मामांकडून मिळाली. त्यांना मी विचारलं, धुक्यात तुम्ही वाट कशी ओळखता? त्यांनी दिशा सांगितली नाही, अंतरंही नाहीत. मंदिर, मग उतार, मग पाण्याची धार, मग दगडी पायऱ्या, मग खिंडीतली लेणी, असा एकामागून एक क्रम सांगितला. कशानंतर काय लागतं आणि कधी लागलं नाही तर मागे फिरायचं, एवढंच. मी दोन मितींचा प्रश्न सोडवत बसलो होतो, नकाशावर कुठेही असलो तरी जागा सांगायची म्हणून. सह्याद्रीत माणूस कुठेही असू शकत नाही. कडे त्याला वाटेवर ठेवतात. प्रश्न खरं तर एकाच मितीचा आहे, या वाटेवर मी कितपत पुढे आलो? आणि त्याला उंची आणि पावलं पुरेशी आहेत. मंदिरापासून इतके मीटर उतरलो आणि इतकी पावलं झाली, की पुढची खूण कोणती ते कळतं. उंची वाढायला हवी तिथे घटू लागली, की वाट सुटल्याचं शंभर पावलांत कळतं.

त्यामुळे आताच्या यंत्रात बाण नाही. वाटेवरच्या खुणांची साखळी आहे, आणि परतताना तीच साखळी उलटी. ठिपक्याच्या जागी वर्तुळ आहे, चुकीची शक्यता वाढेल तसं मोठं होणारं. सपाट पठारावर उंची काहीच सांगत नाही, तिथे ते झपाट्याने फुगतं. ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की पडदा कोरा होतो आणि एकच वाक्य उमटतं: ‘माहीत नाही. थांबा. शेवटच्या खुणेकडे परत फिरा.’ हे वाक्य लिहायला मला संकोच वाटला होता. बनवणाऱ्याला आपलं यंत्र हतबल दिसलेलं आवडत नाही. पण धुक्यात थांबलेला माणूस सापडतो. चालत राहिलेल्याला शोधायला रात्री स्वयंसेवकांना घरदार सोडून निघावं लागतं, आणि सह्याद्रीतल्या शोधमोहिमा बहुतेक अशाच माणसांच्या जिवावर चालतात.

दोन लहान चुकाही नोंदवतो, कारण दुरुस्त करायला सोप्या होत्या आणि तरी उशिरा दुरुस्त झाल्या. पहिला पडदा स्पर्शाचा होता. पावसाचे थेंब त्याला बोटं वाटत. आता तीन मोठी बटणं आहेत, गारठलेल्या बोटांनी चाचपून कळणारी. आणि पहिलं यंत्र इंग्रजीत बोलत होतं. ते घेऊन डोंगरात सगळ्यात जास्त फिरू शकले असते, ते वाटाडेच त्याच्यापासून दूर राहिले. लहान पडद्यावर जोडाक्षरं नीट बसवणं कष्टाचं होतं म्हणून मी ते टाळलं होतं. मराठी आल्यावर वाटाड्यांनी खुणांची नावं सुधारून दिली, नकाशात नसलेल्या नाळा आणि टाकी घातली. आज त्या यंत्रात जे काही उपयोगाचं आहे, त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

हे यंत्र मी विकत नाही. काही ओळखीचे गट ते कागदी नकाशा आणि शिट्टीच्या जोडीला नेतात, आणि वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय नेऊ नये ही अट मी घालतो. जो कुणी पुढे याहून चांगलं बनवील त्याला एवढंच सांगेन. ते किती अचूक आहे हे मोजण्याआधी, ते चुकेल तेव्हा माणसाला कुठे नेईल हे पाहा. तो प्रश्न पहिल्या दिवशी विचारा, अनोळखी माणसाच्या हातात देऊन विचारा, पावसात आणि दुपारी चार वाजता विचारा. उत्तर ‘कड्याकडे’ असेल तर बाकीचं सगळं कौशल्य बाजूला ठेवा आणि आधी तेवढं बदला.